मेश्राम सरांच्या नऊ तारखा

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला ठेवायला एक लाकडी मांडणी आहे. तिच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, उजव्या कोपऱ्यात, मेश्राम सरांचे काळे बूट असायचे. नाकं भिंतीकडे, दोन्ही टाचा एका रेषेत. सर मोज्यांवर आत जायचे. त्या फरशीवर धूळ गेली की त्यांना माझ्याआधी कळायची.

विश्रांतवाडीच्या या शाळेत मी शिपाई आहे. मुलं मला मावशी म्हणतात. सर हिराबाई म्हणायचे आणि नेहमी अहो-जाहो करायचे. त्यांच्या खोलीची झाडलोट माझ्याकडे होती. ती मी तास चालू असतानाच दाराबाहेर बसून उरकत असे, म्हणजे कव्हरं झटकणं, फडकी धुणं वगैरे. त्यामुळे नववी-दहावीचा कॉम्प्युटरचा विषय मी बाहेरून बराच ऐकला. कळला किती, ते सोडा. माझी शाळा चौथीत सुटली. पण सर जे सांगायचे त्यातलं बरंच कॉम्प्युटरशिवायही कळण्यासारखं होतं.

सर मूळचे वर्धेकडचे. पुण्यात तीस वर्षं काढली होती, बोलणं इथलंच झालं होतं, पण चिडले की "का?"च्या जागी वऱ्हाडी "काहून?" यायचं. मुलं ते ऐकण्यासाठी मुद्दाम चिडवायची. डबा ते खोलीबाहेरच्या बाकावर बसून खायचे. कोणी भाजी पुढे केली की आधी विचारायचे, "साखर आहे का?" हो म्हटलं की म्हणायचे, "मग ही मिठाई झाली. जेवणानंतर घेतो."

त्यांच्याकडे दाढीचा एक जुना ब्रश होता. त्याने ते कीबोर्ड झाडायचे. एका बाजूने छापलेले, मागून कोरे असे कागद ते फेकू द्यायचे नाहीत. पाठकोरे कागद टेबलावरच्या एका पेटीत साठवायचे, कोपऱ्यात दोऱ्याने शिवायचे आणि वह्या करून मुलांना द्यायचे. एक वही मलाही दिली होती. "तुम्हाला लिहिता येतं ना? मग लिहा. काहीही लिहा," म्हणाले. मी काय लिहिणार, असं तेव्हा वाटलं होतं.

खोलीत कॉम्प्युटर बारा, त्यातले दोन कायम आजारी. एका कॉम्प्युटरपुढे चार मुलं. चौघांना सरांनी चार कामं लावून दिलेली. एकाने कीबोर्ड चालवायचा, एकाने पडद्यावर लक्ष ठेवायचं, एकाने आधी कागदावर लिहायचं की काय उत्तर यायला हवं, आणि चौथ्याने फक्त शंका काढायची. त्या चौथ्याला सर शंकेखोर म्हणायचे. दर आठवड्याला कामं बदलायची. शंकेखोर व्हायला मुलं भांडायची, कारण त्यात काही करावं लागत नाही असं त्यांना वाटे. पण ज्या कॉम्प्युटरवर चूक निघे तिथे सर पहिल्यांदा शंकेखोराला उभं करायचे.

"तो चुकला तर मी काय करू सर? कीबोर्ड त्याच्याकडे होता."

"आणि तोंड? ते कोणाकडे होतं?"

कोणी म्हटलं, "सर, कॉम्प्युटर म्हणतोय की..." तर त्याला वाक्य पुरं करू द्यायचे नाहीत. "कॉम्प्युटर काही म्हणत नाही. तू दिलंस ते तुलाच परत देतो."

एकदा एक मुलगा म्हणाला, "सर, हे सगळं आता एआयला विचारलं की होतं. एवढं कशाला शिकायचं?"

सर म्हणाले, "विचार की. पण तुझी जन्मतारीख त्याला सांगणार कोण?"

"मीच."

"तुला कोणी सांगितली?"

"आईने."

"आणि आईला?"

मुलगा म्हणाला, "सर, आई तिथेच होती." वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, "बस. एवढंच मला ऐकायचं होतं. माहिती त्याच्याकडून घ्यायची जो तिथे होता."

माहितीची वर्गवारी शिकवायची तेव्हा सर कॉम्प्युटर बंद ठेवून मुलांना बाहेर काढायचे आणि मांडणीतल्या सगळ्या चपला व्हरांड्यात ओतायला लावायचे. मग सांगायचे, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावा. पोरं तुटून पडायची. पाच मिनिटांत ओळ तयार. नीट पाहिलं तर डाव्या पायाची एकाची, उजव्या पायाची दुसऱ्याची. चप्पल सारखी दिसली की लावली. घंटा व्हायची, आणि पोरं भलत्याच चपलांत पाय घालून ओरडायची.

"बघा," सर म्हणायचे. "ओळ बरोबर लागली. पण जोडी तुटली. यादीत नाव हललं की त्याच्यासमोरचं सगळं हललं पाहिजे. जोडी तोडायची नाही."

त्या दिवशी घरी जाईपर्यंत पोरं एकमेकांना तेच म्हणायची. "ए, जोडी तोडू नको." मुलामुलींत त्याचा निराळाच अर्थ व्हायचा. सर न ऐकल्यासारखं करायचे.

आणखी एक तास मला आठवतो. सरांनी मुलांना घरातल्या आजी-आजोबांच्या, काका-मामांच्या जन्मतारखा लिहून आणायला सांगितलं होतं. मुलांनी त्या कॉम्प्युटरवर भरल्या, ओळीने लावल्या, आणि गलका झाला.

"सर, घोळ आहे. सगळे एक जूनला जन्मलेत!"

"आमचे आजोबा पण एक जून, आजी पण एक जून!"

"लग्न पण त्याच दिवशी केलं असेल," कोणीतरी म्हणालं.

सरांनी दाराकडे पाहिलं. "हिराबाई, तुमची जन्मतारीख काय?"

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. एवढ्या मुलांपुढे मी कधी बोलले नव्हते. "एक जून," मी म्हणाले. वर्ग खो खो हसला.

सर म्हणाले, "माझीपण." मग हसू थांबलं.

त्यांनी सांगितलं, त्यांची आई कापूस वेचायला जायची. वेचणीच्या दिवसांत, शेताच्या बांधावरून घरी आणल्यावर ती बाळंत झाली, एवढंच तिला माहीत. म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे कधीतरी. शाळेत घालताना गुरुजींनी तारीख विचारली. आईने कापूस सांगितला. गुरुजींना रकाना भरायचा होता. शाळा जूनमध्ये सुरू होते, त्यांनी एक जून लिहिलं. "कॉम्प्युटर चुकला नाही," सर म्हणाले. "आपण दिलं त्यातून एवढंच दिसतं, या सगळ्यांची तारीख कोणी विचारलीच नाही. ही यादी वाढदिवसांची नाहीच. ही यादी न विचारल्याची आहे."

त्यानंतर खोलीत कोणी हसलं नाही, पण कोणी उदासही झालं नाही. सरांनी लगेच एकाला उठवून दुसरा आजारी कॉम्प्युटर सुरू होतो का बघायला लावलं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. दहावीच्या मुलांचे बोर्डाचे अर्ज भरायचे होते. अर्ज भरायचं काम ऑफिसातले क्लार्क लिमये यांचं, पण नावांची आणि जन्मतारखांची यादी सर स्वतः करायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्रेसष्ट मुलं. मुलं सुट्टीवर, शाळेत आम्ही तिघं आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका.

यादी टाइप करून झाली की सर मला बोलवायचे. गेली काही वर्षं हा नेम होता. ते कागदावरून वाचायचे आणि मी शाळेच्या जनरल रजिस्टरवर बोट ठेवून तेच आहे का ते पाहायचं. पहिल्यांदा मी म्हटलं होतं, सर, मला फार हळू वाचता येतं. ते म्हणाले होते, "म्हणूनच. भरभर वाचणारा माणूस तिथे काय असायला पाहिजे ते वाचतो. तुम्ही तिथे आहे ते वाचता." त्या दिवशीही आम्ही त्रेसष्ट नावं वाचली. प्रत्येकापुढे सरांनी लाल पेनाने खूण केली. एकही चूक नव्हती. सर खूश झाले, मला चहा आणायला पैसे दिले.

मी चहा आणायला गेले तेवढ्यात मोठ्या बाईंचा निरोप आला की नावं आडनावाप्रमाणे ओळीने हवीत. सरांनी कॉम्प्युटरवर ती ओळीने लावली, नवीन यादी छापली, ऑफिसात दिली. खुणा केलेला जुना कागद पाठकोऱ्यांच्या पेटीत टाकला. लिमये लगेच अर्ज भरायला बसले.

संध्याकाळी निघण्याआधी मला एक प्रत फलकावर लावायची होती. खळ लावून कागद चिकटवला आणि सवयीने बोट फिरवत वाचू लागले. वरून सहावं नाव तनुजाचं. तनुजा आमच्याच गल्लीतली. तिच्यापुढे चौथा महिना लिहिला होता.

मी पुन्हा वाचलं. तनुजा भाऊबीजेची. तिच्या मामाला पाटावर बसवून ओवाळायला घेतलं आणि तिच्या आईला कळा सुरू झाल्या. ताट माझ्याच हातात दिलं होतं तिने. भाऊबीज एप्रिलमध्ये येत नाही.

आधी वाटलं, माझंच वाचणं चुकलं. मग पेटीतला जुना कागद आणला आणि शेजारी धरला. लाल खुणांच्या कागदावर तनुजापुढे अकरावा महिना होता. मग सातवं नाव पाहिलं, आठवं पाहिलं. नावं सगळी होती, तारखा सगळ्या होत्या, पण कोणाची कोणापुढे. सर गेले होते. लिमये कुलूप लावून गेले होते. खळ ओली होती तोवर फलकावरची प्रतही मी सोडवली आणि दोन्ही कागद पिशवीत घालून घरी नेले.

मला बोलायचं होतं, पण सरांना कसं सांगायचं? वीस-पंचवीस वर्षं मुलांना तेच शिकवलेला माणूस. आणि मी कोण? माझंच काही समजायचं राहिलं असेल तर? सकाळी मी लवकर जाऊन दाराशी उभी राहिले. सर आले, बूट काढले, टाचा जुळवल्या. "काय हो हिराबाई, कशा उभ्या?" म्हणाले. मी रात्रीपासून जुळवलेलं सगळं विसरले. हातातले दोन्ही कागद पुढे केले आणि तोंडातून एवढंच निघालं, "सर, जोड्या तुटल्यात."

त्यांनी कागद घेतले नाहीत. आधी माझ्याकडे पाहिलं. मग आत गेले, कॉम्प्युटर सुरू केला, आणि ती यादी उघडून पाहिली. त्यांनी फक्त नावांचा रकाना ओळीने लावला होता. तसं करताना कॉम्प्युटर विचारतो म्हणे, शेजारचे रकाने पण सोबत हलवू का? मुलांना ते दहा वेळा सांगायचे, तो प्रश्न वाचा. स्वतः न वाचता पुढे गेले होते.

"शंकेखोराशिवाय बसलो," सर म्हणाले. "काहून बसलो?"

मग मोज्यांवरच ऑफिसात धावले. बूट घालायचं त्यांना सुचलं नाही.

लिमये म्हणाले, "या सर. नऊ अर्ज कालच रवाना झाले. बाकीच्यांना मुहूर्त शोधत होतो."

"थांबवा. तारखा चुकल्यात."

"पण कॉम्प्युटर चुकत नाही म्हणता ना तुम्ही?"

"कॉम्प्युटर नाही चुकला, लिमये. मी चुकलो."

लिमयेंच्या तोंडावर पुढचं काहीतरी तयार होतं. ते त्यांनी गिळलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

चोपन्न अर्ज वाचले. नऊ गेले होते, आणि गेलेला अर्ज शाळेतून बदलता येत नव्हता. दुरुस्तीसाठी पत्र द्यायचं, कारण लिहायचं. मी फाइल घेऊन उभी होते म्हणून मोठ्या बाईंचं बोलणं ऐकलं.

"तांत्रिक अडचण असं लिहा सर. विषय संपतो."

"तांत्रिक म्हणजे कोणाची, बाई?"

"कोणाचीच नाही. म्हणून तर लिहायचं." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "सात महिन्यांवर निवृत्ती आहे तुमची. उगाच शेवटी शेरा कशाला ओढवून घेता? सेवापुस्तकात कायमचा राहील."

सर म्हणाले, "माझ्या सेवापुस्तकात पहिल्या पानावर एक खोटी तारीख आहे. शेवटच्या पानावर एक खरी चूक असू द्या."

त्यांनी पत्र हाताने लिहिलं. नऊ नावं, चुकीची तारीख, बरोबर तारीख, आणि खाली, ही चूक माझ्याकडून झाली आहे. सही केली. स्वतः बोर्डाच्या कचेरीत नेऊन दिलं, पोच घेतली. तिथल्या माणसाने एवढंच सांगितलं, दुरुस्ती होईल, पण प्रमाणपत्र हातात येईल तेव्हाच दिसेल. म्हणजे जूनमध्ये.

तेवढ्यावर कोणीही थांबलं असतं. सर त्या आठवड्यात नऊ घरी गेले. तनुजाकडे मला सोबत नेलं. दारात बूट काढले, टाचा जुळवल्या. तनुजाच्या आईने फराळाचं ताट ठेवलं. सर म्हणाले, "आधी ऐका, मग देता का बघा." सगळं सांगितलं.

तनुजाची आई हसली. "अहो सर, एवढंच होय? आमची पोर भाऊबीजेची. गल्लीला माहीत आहे. कागदावर काही का असेना."

"नाही वहिनी," सर म्हणाले. "गल्लीला माहीत असणारी माणसं जातात. मग कागदावरचंच खरं होतं. माझं झालंय."

तिने ताट त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी एक चकली घेतली आणि ती हातातच धरून बसले.

सुट्टी संपल्यावर दहावीच्या पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं, माझी चूक. नऊ मुलांना उभं करून माफी मागितली. मग म्हणाले, "चला, बाहेर. मी काय केलं ते चपलांनी करून दाखवा." मुलांनी सगळ्या डाव्या चपला ओळीने लावल्या आणि उजव्या होत्या तिथेच ठेवल्या. व्हरांडा भरला. कोणी फिदीफिदी हसलं नाही. एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, शंकेखोर कोण होतं?"

"हिराबाई," सर म्हणाले. मी फडकी धुवायला निघून गेले.

पुढचे महिने ते शिकवत राहिले, ब्रशने कीबोर्ड झाडत राहिले. फक्त त्यांच्या खिशात आता घडी केलेला एक कागद असायचा, त्यावर नऊ नावं. दोन-तीनदा त्यांनी चौकशीचा फोन केला. उत्तर तेच, होईल. मेअखेर आली. एक जून कागदावर असल्यामुळे एकतीस मेला त्यांना जावं लागलं. शाळेला सुट्टी, निरोपाला मोठ्या बाई, लिमये आणि मी. सरांनी मला खोलीच्या किल्ल्या दिल्या आणि वर तो ब्रश ठेवला. लिमये म्हणाले, "सर, खऱ्या तारखेने गेला असतात तर दिवाळीपर्यंत आम्हाला सुटका नव्हती." सर खूप हसले. पण जाताना मला विचारलं, "प्रमाणपत्रं कधी वाटणार, कळवाल ना?"

मी तनुजाच्या मोबाइलवरून कळवलं.

त्या दिवशी सर सकाळपासून सायकल स्टँडच्या शेडखाली, ओट्यावर बसले होते. बूट काढून शेजारी ठेवलेले. मी म्हटलं, सर, ही लॅब नाही. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, पण परत घातले नाहीत. मुलं गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर येत होती. फाटकाशी आईबाप, सगळीकडे एकच प्रश्न, किती पडले? नऊंपैकी कोणी दिसलं की सर हाक मारायचे.

"सर, मला सत्त्याहत्तर..."

"मार्क नंतर. तारीख वाच."

पोरगं वाचायचं. सर खिशातल्या कागदावर लाल खूण करायचे. दुपारी बारापर्यंत आठ खुणा झाल्या. राहिली तनुजा. ती मावशीकडे वाघोलीला गेली होती. मी सरांना म्हटलं, तुम्ही जा, मी तिची पाहून फोन करते. ते म्हणाले, "नाही हो, बसतो. मला आता घंटा कुठे आहे?"

शाळेची घंटा त्यांच्या डोक्यावरच दोनदा झाली. साडेतीनला तनुजा आली. ऑफिसातून कागद घेतले आणि शेडकडे धावत आली. "सर, बरोबर आहे! सात..."

"थांब," सर म्हणाले. "तू नको वाचू. तुला पाठ आहे." प्रमाणपत्र त्यांनी तिच्याकडून घेतलं आणि स्वतः न पाहता माझ्यापुढे धरलं. "हिराबाई, तुम्ही."

मी पदराला हात पुसले. अंक सापडेपर्यंत बोट वरून खाली नेलं.

"शून्य. सात," मी वाचलं. "एक. एक."

सरांनी नववी खूण केली. पेनाचं टोपण लावलं. मग तनुजाकडे वळून म्हणाले, "हं. आता सांग, मार्क किती?"

तिने सांगितले. सर म्हणाले, "वा," आणि वाकून बूट घातले. तो खुणांचा कागद त्यांनी माझ्याकडे दिला. "मागून कोरा आहे. वाया घालवू नका."

ते फाटकाकडे निघाले. वाटेत मैदानाच्या कडेला पाचवीच्या पोरांनी खेळायला जाताना चपला भिरकावल्या होत्या. सर थांबले. एक चप्पल बुटाच्या टोकाने सरकवत सरकवत दुसरीजवळ आणली, टाचा जुळवल्या, आणि आळंदी रस्त्याकडे वळून बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले.